स्लाईडवरची हाक

आंबाझिरी, ता. रावेर
१२ जानेवारी २०२५

ती. फुईस,
मोनालीचा सा. न. वि. वि.

आधीच सांगून टाकते, कोणी आजारी नाही आणि मी बादलशी भांडून माहेरी निघालेली नाही. फोन करायचा तर पाण्याच्या टाकीपर्यंत चढावं लागतं आणि तिथेही दोन वाक्यांत आवाज तुटतो. शिवाय तू फोनवर काही शिकवत नाहीस हे मला ठाऊक आहे. तुझ्या प्रशिक्षणाला येणाऱ्या मास्तरांनाही तू सांगतेस, काय दाखवायचंय ते आधी मला पत्रात लिहा, पत्रात सांगता आलं नाही तर स्लाईडवरही येणार नाही. म्हणून भाचीनेही नियम पाळला आहे.

तर झालं असं. आमच्या बचतगटाच्या सोनीबाई अध्यक्ष आणि मी सचिव, हे तुला माहीत आहे. उन्हाळ्यात आम्ही डोंगरातून चारोळी आणतो. तिचं कवच दगडावर फोडायचं म्हणजे बोटं सोलून निघतात. त्यामुळे बहुतेक जणी कवचासकट बिया व्यापाऱ्याला देऊन टाकतात आणि स्वतः केळीच्या बागेत मजुरीला जातात. आता एका योजनेतून जिल्ह्यात एकाच गटाला चारोळी फोडायचं यंत्र आणि शेड मिळणार आहे. प्रत्येक गटाने दहा मिनिटांत स्लाईड दाखवून आपलं म्हणणं मांडायचं. आधी तालुक्याला, मग जळगावला.

तालुक्याच्या सभेत माझी फजिती झाली. पहिल्या स्लाईडवर हार्दिक स्वागत आणि फिरणारी गुलाबाची फुलं. मग सरपंच, उपसरपंच, चार सदस्य, आणि आमचे आबा. माझे सासरे जीवराम आबा गावचे माजी पोलीस पाटील. त्यांनी खास फेटा बांधून रावेरच्या स्टुडिओत फोटो काढून घेतला होता. प्रत्येक फोटो गिरकी घेत यायचा आणि टाळ्यांचा आवाज व्हायचा. त्यात माझी अक्षरं तिथल्या संगणकावर नुसते चौकोन होऊन बसली. मी चारोळीपर्यंत पोचले तेव्हा वेळ संपल्याची घंटा झाली.

समितीतल्या मॅडमनी तरी एक संधी दिली. त्यांनी विचारलं की यंत्र आलं की घाई वाढते, कच्ची फळं ओरबाडली जातात, फांद्या मोडल्या जातात, तुमच्या गावात तसं होणार नाही याची खात्री काय. मी नुसतं, नाही होणार मॅडम, एवढं म्हणून खाली बसले. तालुक्यातून दोनच गट आले होते, आम्ही आणि पिंपळझिऱ्याच्या बाया, म्हणून दोन्ही गटांना पुढे पाठवलं. जळगावची सभा फेब्रुवारीच्या शेवटी आहे. त्या यंत्रासाठी बायांनी माझ्यावर भरवसा टाकलाय, फुई. पुन्हा माती खायची माझी तयारी नाही. काय ते लवकर कळव.

माया आहेच, ती या थंडीत आणखी थोडी वाढवावीस.

तुझी,
मोनाली


देवपूर, धुळे
१८ जानेवारी २०२५

चि. मोनालीस,
फुईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शाळेतून आल्याबरोबर उभ्याउभ्या वाचलं आणि एकटीच हसत बसले. तू आरोग्य खात्याची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली पोरगी, आणि दहा मिनिटांत सात जणांना गिरक्या घ्यायला लावतेस! तुझी चूक तुझ्या एकटीची नाही. आपल्याकडे चौकात फलक लागतो त्याच्यावर मूळ कार्यक्रम कोपऱ्यात असतो आणि शुभेच्छुकांचे फोटो फलकभर. तोच फलक तू भिंतीवर दाखवलास, एवढंच.

आता ऐक. मानपान लग्नात करायचा, स्लाईडमध्ये नाही. स्वागत काढ, फुलं काढ, टाळ्या तर आजच काढ. शेवटची धन्यवादाची स्लाईडही नको. धन्यवाद तोंडाने म्हणावा, माणसाकडे बघून. एका स्लाईडवर एकच गोष्ट ठेव. मोठा फोटो, त्याच्याखाली फार तर एक ओळ. बाकीचं तू बोलायचंस. जे तू बोलणार ते स्लाईडवर लिहिलंस तर लोक वाचत बसतात आणि तुला ऐकत नाहीत. स्लाईडकडे तोंड करून वाचू लागलीस तर मी जळगावला येऊन तुझा कान धरेन.

सुरुवात बोटांपासून कर. सोनीबाईंची चारोळी फोडून झालेली बोटं, जवळून, सकाळच्या उजेडात. फ्लॅश नको. मग अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, दगडावर बी फोडतानाचा, आवाजासकट. त्याच्यावर कसलंही गाणं चढवू नकोस, दगडाचा आवाज पुरे. मोबाईल आडवा धर आणि हात हलत असतील तर कोपर भिंतीला टेकव.

अक्षरांचं सांगते. तू जुना फॉन्ट वापरला असणार. तो ज्या संगणकावर नाही तिथे तुझे चौकोनच होतील. युनिकोडमध्ये टाईप कर आणि एक प्रत पीडीएफ करून सोबत ठेव. पांढऱ्यावर पिवळं अक्षर अजिबात नको, उजेडाच्या खोलीत ते कोणालाच दिसत नाही.

तयार झालं की एक परीक्षा घे. ओसरीच्या एका टोकाला लॅपटॉप ठेव आणि दुसऱ्या टोकाला सोनीबाईंना बसव. त्यांना वाचता येत नाही ना? उत्तम. प्रत्येक स्लाईडमध्ये काय सांगितलंय ते त्यांनी तुला सांगायचं. त्यांना जी समजणार नाही ती समितीलाही समजणार नाही, फक्त समिती तसं म्हणणार नाही.

एस.टी.च्या पार्सलने पेन ड्राइव्ह पाठवते आहे. त्यात माझे मास्तरांसाठीचे धडे आहेत. फोटोचा आणि आवाजाचा, हे दोन नीट बघ, बाकीचे सवडीने. सोबत प्रशिक्षणाची पुस्तिका आहे. तिच्या समासात मी जे खरडलंय ते छापलेल्यापेक्षा कामाचं आहे, असं मीच म्हणते.

बादलला आशीर्वाद, आबांना नमस्कार. त्यांच्या फेट्यातल्या फोटोची एक प्रत मला पाठव, मला बघायचाय. तुझ्या यशाची वाट बघते, आणि पत्राचीही.

तुझी,
फुई


आंबाझिरी
२७ जानेवारी २०२५

ती. फुईस,
मोनालीचा सा. न. वि. वि.

पेन ड्राइव्ह मिळाला. आवाजाच्या धड्यात तू त्या मास्तरांना जे झापलंयस ते बायांनी दोनदा लावायला सांगितलं. आता दर संध्याकाळी लॅपटॉप उघडला की आधी तुझी फर्माईश होते.

ओसरीची परीक्षा घेतली. स्वतःची बोटं एवढी मोठी बघून सोनीबाईंनी आधी हात पदरात लपवले. मग म्हणाल्या की राहू दे, दिसू दे त्यांना. त्यांना आठ स्लाईड कळल्या आणि तीन नाही कळल्या. त्या तीन मी काढून टाकल्या. गंमत म्हणजे त्यात माझी सगळ्यात आवडती होती, गोल चक्राची आणि टक्केवारीची.

खात्रीच्या प्रश्नासाठी मी एक स्लाईड लिहिली आहे. लाल अक्षरात, आम्ही कच्ची चारोळी तोडणार नाही अशी हमी देतो. सोनीबाईंना ती वाचून दाखवली तर त्या म्हणाल्या की असं तर कोणीही म्हणेल. खरंच आहे ते. पण दुसरं काय दाखवू ते समजत नाही.

आणि आता घरातलं. मानाचे सगळे फोटो काढल्याचं बादल आबांसमोर बोलून गेला. सरपंच हसले आणि विसरले. आबा मात्र रुसून बसलेत. माझ्या हातचा चहा घेतात, पण कप खाली ठेवताना बघतात दुसरीकडे. शेडसाठी आपल्या विहिरीजवळची जागा द्यायची म्हणाले होते, त्याबद्दल आता बघू म्हणतात. जागा नसेल तर जळगावला जाण्यात काही अर्थ नाही, समिती पहिलं तेच विचारणार. बादल म्हणतो एक फोटो टाकून दे आणि मोकळी हो. टाकू का? मला वाटतं टाकू नये. एक टाकला की बाकीचे सहा दार वाजवणार.

मी डगमगलेली नाही, फक्त चिडलेली आहे. तुझा लोभ मला या दिवसांत पुरवून पुरवून वापरावा लागतोय.

तुझी,
मोनाली


आंबाझिरी
३० जानेवारी २०२५

सौ. हेमलताताई यांस,
जीवराम यांचा स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, तुमच्या सांगण्यावरून सूनबाईने माझा फोटो काढून टाकला असे समजले. तुम्ही शिकलेल्या बाई आहात, शिक्षकांना शिकवता, तुमच्या म्हणण्यात काही असेल. पण मला माझे म्हणणे लिहिल्याशिवाय राहवत नाही. मनमा ठेवीसन मी बोलत नही, लिहून मोकळा होतो.

तुम्हाला वाटत असेल म्हाताऱ्याला फोटोची हौस. हौस आहे, नाही म्हणत नाही. पण ताई, आमच्या डोंगरातल्या माणसाचे नाव जळगावच्या भिंतीवर कधी लागले आहे का? रेशनच्या यादीत लागते आणि गुन्ह्याच्या कागदावर लागते. चांगल्या कामात पहिल्यांदा लागणार होते. ज्याने काम केले त्याचे नाव घेतले नाही, तर पुढच्या वेळी त्याला कोणी बोलवत नाही. आमनाकडे अशी रीत शे.

आणि मी काही नुसता फेटा बांधून बसलेला माणूस नाही. आमचा डोंगर दरवर्षी मी उघडतो. माझ्या आधी माझे वडील उघडत. चारोळी काळी पडली की नाही ते मी एकेका झाडापाशी जाऊन बघतो आणि मग पहाटे टेकडीवरून हाक देतो. हाक ऐकल्याशिवाय आमच्या गावात कोणी झाडाला हात लावत नाही, पोरेसुद्धा नाहीत. एकाने लावला होता, त्याच्या घरी पुढच्या होळीला कोणी गेले नाही. असे काम करणाऱ्याला तुमच्या स्लाईडमध्ये जागा नसेल, तर माझ्या विहिरीजवळ तुमच्या शेडला जागा का असावी, एवढेच मला विचारायचे आहे.

अधिक उणे लिहिले गेले असल्यास पोटात घालावे. राग आहे, पण नाते आहे ते आहेच.

आपला,
जीवराम


देवपूर, धुळे
५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय जीवराम आबांस,
हेमलताचा सा. न. वि. वि.

आबा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा मलाही राग आला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्यांदा तुमचं नावाबद्दलचं म्हणणं पटलं. तिसऱ्यांदा मी खुर्चीतून उठलेच.

नावाचं आधी. तुमचं बरोबर आहे, ज्यानं काम केलं त्याचं नाव दिसलंच पाहिजे. फक्त ते हारतुऱ्यांच्या जागी नको, कामाच्या जागी असावं. मोनालीला मी आजच लिहिते आहे की ज्या ज्या बाईचा फोटो आहे त्याच्याखाली तिचं नाव टाक. बोटांच्या खाली सोनीबाई, टोपलीच्या खाली जिची टोपली आहे तिचं. हे मी तिला आधीच सांगायला हवं होतं, पण तुमचं पत्र येईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या पुस्तिकेतही आता ते लिहिणार आहे.

आता तुमचं काम. आबा, समितीने मोनालीला एकच प्रश्न विचारला होता, कच्ची फळं तोडली जाणार नाहीत याची खात्री काय. ती बिचारी लाल अक्षरात हमी लिहून बसली आहे. आणि उत्तर तिच्याच घरात रुसून बसलंय! तुमची हाक हीच खात्री आहे. तुम्हाला सगळ्यांना ती इतकी रोजची वाटते की सांगण्यासारखी आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. तुमच्या सुनेलाही नाही, सोनीबाईंनाही नाही आणि तुम्हालाही नाही. तुम्ही ती मला रागात लिहिलीत म्हणून कळली.

माझी विनंती अशी आहे. बादलच्या मोबाईलवर ती हाक रेकॉर्ड करून द्या. जळगावच्या सभेत ती वाजवू. फोटोपेक्षा आवाज जास्त वेळ लक्षात राहतो, हे मी रोज शिकवते.

जागेचं तुम्ही ठरवा, मी त्यात पडणार नाही. तुमचा राग लवकर उतरो आणि आपुलकी मात्र वर चढत राहो.

आपली,
हेमलता


आंबाझिरी
१० फेब्रुवारी २०२५

सौ. हेमलताताई यांस,
जीवराम यांचा स. न. वि. वि.

पत्र पोचले. समाधान वाटले. पण तुम्ही म्हणता तसे करता येणार नाही. आत्ता फळ हिरवे आहे. हिरव्या फळावर हाक दिली तर ती खोटी हाक. खोटी हाक मी देत नही. एकदा खोटी दिली की पुढच्या वर्षी खऱ्या हाकेला कोण उठेल? बादलने टेकडीवर येऊन मोबाईल पुढे धरला होता, त्याला परत पाठवले.

दोन दिवस विचार केला. हाक आमच्या डोंगरासाठी आहे. जिथे आमचा डोंगर ऐकत नाही आणि आमची माणसे ऐकत नाहीत तिथे दिली, तर ती खोटी हाक नाही, नुसता आवाज होईल. धुळ्यात ऐकत नाही. शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतो. जेवायला फार करू नये, कळण्याची भाकरी आणि आमटी पुरे.

जिव्हाळा असाच राखावा.

आपला,
जीवराम


देवपूर, धुळे
१९ फेब्रुवारी २०२५

चि. मोनालीस,
फुईचे अनेक आशीर्वाद.

तुझे सासरे येऊन गेले. बाई गं, काय माणूस आहे! आल्या आल्या त्यांनी विचारलं की सातपुडा इथून कोणत्या दिशेला. मी उत्तर दिशा दाखवली, तर म्हणाले की मग मी दक्षिणेकडे तोंड करून देतो. मी माझ्या आवाजाच्या खोलीत खिडक्यांवर गोधड्या लावल्या. तशा मी नेहमीच लावते, रस्त्याचे हॉर्न येऊ नयेत म्हणून. त्यांना वाटलं डोंगराला ऐकू जाऊ नये म्हणूनच लावल्यात. फार खूश झाले. मीही खुलासा केला नाही.

माईक मी नेहमीसारखा तोंडाजवळ धरला, तर पहिल्या हाकेला आवाज फाटला. मग माईक खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला तेव्हा नीट आला. मधे शेजारच्या कुकरची शिट्टी झाली म्हणून एकदा पुन्हा घ्यावं लागलं. शेजारच्या वहिनी दार वाजवून विचारून गेल्या की सगळं ठीक आहे ना. त्यांना म्हटलं, डोंगर उघडतोय. त्या आता मला चमत्कारिक नजरेने बघतात.

हाक पेन ड्राइव्हमध्ये आहे. आता ही स्लाईड कशी करायची ते नीट वाच. तिच्यावर काही ठेवू नकोस. फोटो नाही, अक्षर नाही, पूर्ण काळी. माझ्या मनात आधी चारोळीच्या झाडाचा फोटो होता. पण आबा चहा पिताना सहज म्हणाले की हाक पहाटे अंधारात असते, तेव्हा मी कोणाला दिसत नसतो. मी त्यांना विचारलं की मग तुमचा फोटो, तुमचं नाव? त्यांनी बशीतला चहा फुंकला. मग म्हणाले की अंधारमा कोणी नाव नही वाचत, ठेवू नका. एवढ्या वर्षांत माझ्या एकाही मास्तराला काळी स्लाईड कशाला लागते ते मी समजावू शकले नव्हते.

त्या स्लाईडच्या आधी दोन वाक्यं बोल आणि मग तोंड मिट. हाक संपल्यावरही लगेच सुरू होऊ नकोस. मनात पाच आकडे मोज. माझा छोटा स्पीकर पाठवते आहे, तिथल्या स्पीकरवर विसंबू नकोस. सभेच्या आधी जाऊन एकदा सगळं लावून बघ. आणि आपल्या बायांना सांगून ठेव की हाकेला सवयीने ओ देऊ नका, सभा आहे.

आता घाबरण्यासारखं काही उरलेलं नाही. घाबरलीस तरी बोलताना चप्पल वाजवू नकोस, ती तुझी जुनी खोड. घरच्या सगळ्यांना माझी आठवण सांग आणि माझ्यावरची माया तेवढी जळगावला विसरून येऊ नकोस.

तुझी,
फुई


आंबाझिरी
३ मार्च २०२५

ती. फुईस,
मोनालीचा सा. न. वि. वि.

दोन दिवस पाहुण्यांचीच ये-जा होती, आज सवड मिळाली. सगळं क्रमाने सांगते, तू मधेच शेवटाकडे उडी मारू नकोस.

बादलच्या पिकअपमधून आम्ही नऊ बाया आणि आबा निघालो. आबांनी फेटा बांधला होता. नशिराबादला चहाला थांबलो तेव्हा सोनीबाई माझ्या कानात म्हणाल्या की पोरी, मी आठही स्लाईड पाठ केल्यात, तू अडकलीस तर मी सांगेन. मला तेव्हाच अर्धा धीर आला.

पिंपळझिऱ्याचा गट आमच्या आधी होता. त्यांची स्लाईड सुंदर होती, कोणा जाणकाराकडून करून घेतली असावी. मी घाबरले, पण चप्पल वाजवली नाही. बोटांचा फोटो लावला तेव्हा समितीतल्या एका साहेबांनी मोबाईल खाली ठेवला. दगडाच्या व्हिडिओला कोणी हललं नाही. मग मी म्हटलं की रावेरला तुम्ही विचारलं होतं, कच्ची फळं तुटणार नाहीत याची खात्री काय. आमची खात्री अशी आहे. आणि काळी स्लाईड लावली.

साहेबांनी यंत्रवाल्याला खूण केली, त्यांना वाटलं प्रोजेक्टर बंद पडला. तेवढ्यात आबांची हाक सुरू झाली. तुला माहीत आहे ती, पण कागदावर लिहायलाही मला बरं वाटतं. “आयका रे बठ्ठा! चारोळी पिकनी शे! डोंगर उघडना शे!”

आपल्या बायांना मी बजावलं होतं. त्या पदर तोंडात धरून गप्प बसल्या. पण हाक संपली आणि दुसऱ्या कोपऱ्यातून ओ आली. “उघडना रे उघडना!” पिंपळझिऱ्याच्या बाया होत्या, फुई. सगळ्या उभ्या राहिलेल्या. त्यांची रीतही तीच, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ओ देऊन झाल्यावर आपण कुठे आहोत ते त्यांना आठवलं आणि काही जणी लाजून हसायला लागल्या.

मी पाच आकडे मोजत होते, तीनवर असताना मागून आबा उठले. चिडलेले. सगळ्या सभेसमोर त्यांनी त्या बायांना मोठ्याने सुनावलं की ही हाक यंत्रातली आहे, डोंगर बंद आहे, फळ हिरवं आहे, घरी जाऊन झाडाला कोणी हात लावायचा नाही. त्या बाया मुकाट्याने माना हलवून खाली बसल्या. समितीकडे आबांनी बघितलंसुद्धा नाही.

मॅडमनी पिंपळझिऱ्याच्या लताबाईंना विचारलं की हे तुमच्या गावचे नाहीत, तरी तुम्ही त्यांचं का ऐकलं. लताबाई जे बोलल्या ते मी जन्मभर विसरणार नाही. त्या म्हणाल्या की आमच्या गावची हाक माझा नवरा मगन द्यायचा. तो गेला तेव्हापासून आमचा डोंगर कोणी उघडत नाही. ज्याला वाटेल तो वाटेल तेव्हा ओरबाडतो. काळं फळ आता फक्त आंबाझिरीत बघायला मिळतं. यंत्र द्यायचं तर त्यांना द्या, आमच्या हिरव्या बिया फोडून यंत्र काय करणार. हे बोलून त्या खाली बसल्या आणि त्यांच्या गटात कोणी त्यांना अडवलं नाही.

यंत्र आपल्याला मिळालं, फुई. अट एकच, पिंपळझिऱ्याच्या चारोळीलाही ते खुलं हवं. मी हो म्हणायच्या आत सोनीबाईंनी हो म्हटलं होतं. जागेचं मॅडम विचारणार तेवढ्यात आबांनीच सांगून टाकलं, विहिरीजवळ, सावली आहे, मोजायला कधीही या. बाहेर आल्यावर मी लताबाईंच्या गळ्यात पडून रडले. त्या रडल्या नाहीत, माझी पाठ थोपटत राहिल्या.

तू इथे हवी होतीस. तुझी माया माझ्याजवळ शिलकीत आहे, तरी आणखी पाठव.

तुझी,
मोनाली


आंबाझिरी
१७ मार्च २०२५

सौ. हेमलताताई यांस,
जीवराम यांचा स. न. वि. वि.

होळी आनंदात पार पडली. विहिरीजवळ मोजणी झाली, खांबांचे खड्डे कालपासून खोदणे चालू आहे. यंत्र आखाजीच्या सणाआधी येईल असे साहेबांनी कळवले आहे. बायांनी यंदा केळीच्या मुकादमाला चारोळीच्या दिवसांत मजुरीला येणार नाही म्हणून निरोप दिला. असा निरोप आमच्या गावातून त्याला पहिल्यांदा गेला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. होळीच्या दिवशी पिंपळझिऱ्याची मंडळी आमच्याकडे आली. साखरेचे हार-कडे घेऊन आली. लताबाई पुढे होत्या. त्यांचे म्हणणे पडले की यंदा आमचा डोंगर तुम्ही उघडा. मगन माझ्या बरोबरीचा माणूस होता, लहानपणी आम्ही एकमेकांची हाक ऐकत मोठे झालो. तो गेल्यावर त्या बाजूने ओ येणे बंद झाले आणि मी काही केले नाही. मी मान हलवली, त्यांनी ती हो समजली, आणि ती हो होतीच.

मग अडचण उभी राहिली. दोन्ही गावचे डोंगर एकाच पहाटे उघडतात. एक आधी उघडला तर सगळी माणसे तिकडे धावतात, म्हणून तशी जुनी रीत शे. मी एका पहाटे दोन टेकड्यांवर कसा उभा राहणार? बादलला विचारले. त्याची गाडी त्या दिवसांत रात्रंदिवस रावेरला केळीचा माल वाहत असते. आणि त्याला झाडांची ओळख नाही, हे त्यानेच कबूल केले.

ओळख एकीला आहे. सूनबाई स्लाईडसाठी झाडांचे फोटो काढायला लागली, ती अजून थांबलेली नाही. कोणते झाड आधी काळे पडणार आणि कोणते मागे राहणार, हे ती आता मला सांगते. मी जाऊन तपासतो तर बरोबर निघते. गावात काही जणांनी नाके मुरडली, बाईमाणसाची हाक कधी ऐकली नाही म्हणाले. मी त्यांना सांगितले की या वर्षी ऐका. सोनीबाई म्हणाली की आम्ही ओ देऊ, मग कोण काय म्हणतो ते बघू.

सूनबाईला काल सांगितले. ती माझ्या पाया पडली आणि म्हणाली की आबा, हाक खोटी जाऊ देणार नाही. तिचा आवाज बारीक शे. पण तो टेकडीवरून खालच्या पाड्यापर्यंत पोचतो, हे मी स्वतः खाली उभे राहून ऐकले आहे. हाकेचे शब्द नव्हते, तिने नुसते मला जेवायला बोलावले होते.

तेव्हा ताई, या उन्हाळ्यात मी पिंपळझिऱ्याला असेन आणि आंबाझिरीचा डोंगर तुमची भाची उघडेल. तुम्ही आदल्या दिवशी मुक्कामाला यावे. पहाटे तुम्हाला ती दिसणार नाही, ऐकू येईल.

येण्याचे जरूर कळवावे आणि लोभ घेऊन यावे.

आपला,
जीवराम